बुलेटला साइडकार लावायचीय? आधी हे ऐका

लोकलमध्ये ऐकताय, रिक्षाच्या रांगेत ऐकताय, की शिळफाट्याला अडकून ऐकताय, ते तुमचं तुम्हाला माहीत. आजचा विषय जुना आहे, पण मस्त आहे. साइडकार.

जुन्या बाइकबद्दल बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, घरी आजोबांची बुलेट आहे. तिला साइडकार लावता येईल का?" उत्तर एका शब्दात देतो. येईल. पण कशी, कोणत्या क्रमानं आणि कोणासाठी, हे आधी ठरवायला हवं. नाहीतर रील छान होतं आणि गाडी धोकादायक होते. आज तेवढंच बोलू.

साइडकार म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र येतं. 'शोले', १९७५. धर्मेंद्र आणि अमिताभ, मोकळा रस्ता, गाणं चालू. ती गाडी बीएसए कंपनीची डब्ल्यूएम-२०, १९४२ चं मॉडेल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी जातीची बाइक. सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ती लोकांना बघायला ठेवली होती. त्या गाण्यात साइडकार बाइकपासून सुटते, वेगळी पळते आणि परत येऊन जोडली जाते. सिनेमात आपण टाळ्या वाजवतो. घोडबंदर रोडवर असं झालं तर काय, हा विचार करा. म्हणून आजचा अर्धा एपिसोड फक्त जोडणीवर आहे.

आपल्या भागात साइडकार ही फॅशन नव्हती, गरज होती. ठाण्याच्या वेशीवर, भांडुपला, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, लॅम्ब्रेटा स्कूटर बनवायची. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना होता, तिथून १९७२ पासून चेतक यायला लागली. या स्कूटरना डाव्या बाजूला साइडकार लावून चौघांचं कुटुंब फिरायचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, हळूहळू मध्यमवर्गाला चारचाकी परवडायला लागली आणि साइडकार गच्चीवर, वाड्याच्या मागे, भंगारात गेली. आज आपल्याला सापडतात त्या बहुतेक तिथूनच.

कोणासाठी लावताय?

मी डोंबिवली पूर्वेला राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, नोकरीतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे १९७८ ची बुलेट ३५० आहे. चाळीस वर्षं काकू मागे बसून फिरल्या. मग काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मागच्या सीटवर चढणं बंद झालं. काकांनी ओळखीतून कल्याणहून एक जुनी साइडकार उचलून आणली. गंजलेली, सीट फाटलेली, चाक जाम. मी दिवसा कोड लिहितो, पण रविवारी हात काळे करायला आवडतात, म्हणून मी त्यांच्यासोबत लागलो.

पहिल्या रविवारी आमच्या चर्चा कशावर? रंग कोणता, मरून की बॉटल ग्रीन. पट्टा सोनेरी की क्रीम. काकू चहा घेऊन खाली आल्या, त्या डब्याकडे दोन मिनिटं बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अरे, हे ब्रेक मारतील तेव्हा मी काय धरू?"

आम्ही दोघं गप्प. कारण त्या साइडकारला धरायला काहीच नव्हतं.

काकूंच्या त्या प्रश्नानं आमच्या कामाची यादी उलटी झाली. बघा ना, बाइक चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतो, क्लच असतो. मागे बसणारा निदान चालवणाऱ्याला धरतो, वळणावर त्याच्यासोबत झुकतो. साइडकारमध्ये बसणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. गाडी जिकडे नेईल तिकडे तो जातो. त्यामुळे साइडकारची रिस्टोरेशन चांगली झाली की नाही, हे चालवणाऱ्याच्या सीटवरून ठरवायचं नाही. बाजूच्या सीटवर बसून ठरवायचं. तिथून बघितलं की क्रम असा लागतो: आधी कागद, मग सांगाडा, मग जोडणी, मग अलाइनमेंट, मग ब्रेक, मग सराव. रंग सगळ्यात शेवटी.

कागद

कंटाळा येतो, माहितीय. पण ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, त्यात 'मोटरसायकल' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की दोन चाकांची मोटारगाडी, आणि तिला जोडलेली, जादा चाक असलेली, काढता येणारी साइडकारसुद्धा त्यात धरायची. म्हणजे साइडकार ही कायद्याला अनोळखी गोष्ट नाही.

पण त्याच कायद्यात कलम ५२ आहे. गाडीत असा बदल करायचा नाही की आरसी बुकातली माहिती आणि कंपनीनं मूळ दिलेली माहिती यांचा मेळ बसणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे कलम कडक वाचलं. त्यामुळे 'गॅरेजवाला म्हणाला चालतं' यावर जाऊ नका. आपल्याकडे ठाण्याला एमएच-०४ आणि कल्याणला एमएच-०५, जिथे तुमच्या गाडीची नोंद आहे त्या आरटीओत वेल्डिंगच्या आधी जा, साइडकारचे फोटो आणि मापं घेऊन जा, आणि जे उत्तर मिळेल ते लेखी घ्या. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. गाडीत केलेला बदल लपवला तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

व्हिंटेजवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जुलै २०२१ पासून पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नवी नोंदणी २० हजार रुपये, नूतनीकरण पाच हजार. पण दोन अटी नीट लक्षात ठेवा. चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. काकांची गाडी १९७८ ची, म्हणजे अजून त्या वयाची नाही. आणि काकांना काकूंना घेऊन भाजी आणायला जायचंय. त्यामुळे आम्ही साध्या नोंदणीवरच राहिलो.

आणि हेल्मेट. कलम १२९ म्हणतं की मोटरसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं. मोटरसायकलच्या व्याख्येत साइडकार आली, म्हणजे साइडकारमध्ये बसणाऱ्यालाही हेल्मेट आलंच. स्कार्फ आणि गॉगल फोटोत छान दिसतो, डोक्याला उपयोग नाही.

सांगाडा

जुनी साइडकार आणली की पहिला मोह होतो पत्रा घासायचा. थांबा. आधी बॉडी चासीवरून उतरवा. चासी म्हणजे खालची पाइपची चौकट. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा, हवा दमट, त्यात पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो. छोट्या हातोडीनं पाइपवर वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो. गंजलेला भद्द आवाज देतो. शंका असेल तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आमच्या चासीत मागच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. तो तुकडा कापून नवा सीमलेस पाइप टाकला. काहीजण अशा जागी लांबी भरून रंग मारतात. पत्र्याच्या खड्ड्याला लांबी ठीक आहे, भार घेणाऱ्या पाइपला अजिबात नाही.

मग चाक. बेअरिंग नवीन टाका, ती काही महाग नाहीत. ॲक्सल लेथवर लावून फिरवून बघा, वाकलाय का ते लगेच कळतं. स्पोक तपासून घ्या. बाइकचं चाक वळणावर झुकतं, त्यामुळे त्याच्या स्पोकवर आडवा भार कमी येतो. साइडकारचं चाक झुकत नाही, सगळा आडवा भार स्पोकवर येतो. सैल स्पोक इथे चालत नाहीत.

ही कामं कुठे होतात? आपण नशीबवान आहोत. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. तिथे आणि डोंबिवली एमआयडीसीत अजूनही लेथवाले, फॅब्रिकेटर सापडतात. सीट आणि रेग्झिनच्या कामाला उल्हासनगर आहेच. यूट्यूब बघून अमेरिकेतून किट मागवण्याआधी आपल्या शेजारच्या गल्लीत विचारा.

जोडणी

साइडकार बाइकला चार ठिकाणी जोडतात. दोन खाली, दोन वर. खालचे दोन पॉइंट भार घेतात, वरचे दोन बाइक किती सरळ किंवा कलती उभी राहील ते ठरवतात. तीन पॉइंटवर 'चालून जातं' म्हणणारे भेटतील. ऐकू नका.

जुन्या बुलेटची एक खासियत आहे. तिच्या फ्रेमला इंजिनच्या खालून जाणारा पाइप नाही. पुढचा पाइप इंजिनपाशी संपतो आणि इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग म्हणून काम करतं. त्यामुळे खाली क्लॅम्प मारायला पाइपच मिळत नाही. मग जाड प्लेटची छोटी सबफ्रेम बनवायची, इंजिनच्या पुढच्या आणि मागच्या प्लेटच्या बोल्टमध्ये ती पकडायची आणि साइडकार त्या सबफ्रेमला जोडायची. बाइकच्या मूळ फ्रेमवर थेट वेल्डिंग नको. वेल्डच्या शेजारी पाइप कमजोर होतो आणि पुढे कधी साइडकार काढायची म्हटली तर फ्रेम खराब झालेली असते. आणि मागच्या स्विंग आर्मला जोडणी कधीच नाही. तो भाग वरखाली हलतो.

बोल्ट टेन्साइल घ्या, डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा छापलेला. नायलॉक नट किंवा स्प्लिट पिन लावा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे परत आवळा.

बुलेटच्या बाजूनं बोलायचं तर जुनी बुलेट डाव्या साइडकारसाठीच बनवल्यासारखी आहे. किक उजवीकडे, गिअर उजवीकडे, सायलेन्सर उजवीकडे. डावीकडे मागचा ब्रेक. म्हणजे साइडकारच्या चाकाचा ब्रेक त्याच पॅडलला जोडणं सोपं जातं. याउलट जावा-येझदीवाल्यांनो, तुमची किक डावीकडे आहे. साइडकार लागली की खाली उभं राहून किक मारायला जागा उरत नाही, गाडीवर बसूनच मारावी लागते. आधी बसून बघा, जमतंय का.

अलाइनमेंट

आता माझ्या आवडीचा भाग. इथे तीन मापं आहेत.

पहिलं माप, लीड. साइडकारचं चाक बाइकच्या मागच्या चाकाच्या सरळ रेषेत ठेवत नाहीत, थोडं पुढे ठेवतात. अंदाज म्हणून व्हीलबेसच्या दहा टक्के धरा. बुलेटचा व्हीलबेस साधारण १३७० मिलिमीटर, म्हणजे लीड १३७ मिलिमीटरच्या आसपास. लीड कमी झालं तर उजव्या वळणावर साइडकारचं नाक खाली जाऊन गाडी तिरकी पुढे कलंडायला बघते. जास्त झालं तर हँडल जड होतं आणि टायर झिजतात.

दुसरं माप, टो-इन. साइडकारचं चाक बाइकला अगदी समांतर नसतं, पुढून किंचित आत वळलेलं असतं. कारण चालताना साइडकार गाडीला सतत डावीकडे ओढते. टो-इन ती ओढ कमी करतं. मोजायचं कसं? सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा. ॲल्युमिनियमचा सरळ चॅनल बाइकच्या दोन्ही चाकांना टेकवून ठेवा, दुसरा साइडकारच्या चाकाला. पुढचं अंतर आणि मागचं अंतर मोजा. पुढचं १० ते २० मिलिमीटर कमी हवं.

जास्त घेतलं तर काय होतं, ते बघा. दीड मीटरवर १५ मिलिमीटर म्हणजे शंभरात एक. टायर एक किलोमीटर पुढे जाताना दहा मीटर आडवा घासतो. डोंबिवली ते ठाणे वीसेक किलोमीटर धरले तर दोनशे मीटर आडवा घासला. आता चुकून ४५ मिलिमीटर ठेवलं तर सहाशे मीटर. टायर किती टिकेल? म्हणून मोजपट्टी दोनदा लावा. नजरेच्या अंदाजानं होणारं काम नाही हे.

तिसरं माप, लीन-आउट. बाइक साइडकारपासून किंचित बाहेर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, कललेली ठेवतात. साधारण एक डिग्री. रस्त्याला बाजूला उतार असतो आणि साइडकारमध्ये माणूस बसला की बाइक त्याच्याकडे ओढली जाते, त्याची ही भरपाई. मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरे. एक मीटर उंचीवरून ओळंबा सोडला तर एक डिग्रीला सतरा-अठरा मिलिमीटरचा फरक दिसतो.

ही तिन्ही मापं एकमेकांवर अवलंबून आहेत. एक हललं की बाकीची परत मोजा. आमच्या भाषेत रिग्रेशन टेस्टिंग. आणि मोजताना गाडी रिकामी ठेवू नका. चालवणारा सीटवर, आणि साइडकारमध्ये बसणाऱ्याच्या वजनाइतकं ओझं. आम्ही ५० किलोची सिमेंटची गोण आणि वर दहा किलो तांदूळ ठेवले. काकू म्हणाल्या, "माझं वजन बिल्डिंगभर सांगितलंत ना!"

ब्रेक आणि वळण

हा भाग नीट ऐका, कारण दोन चाकांची सगळी सवय इथे उलटी पडते.

ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते, कारण डावीकडचा भार मागे राहतो. ब्रेक मारला की उलटं. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर बाइक थांबते, पण साइडकारचा भार पुढे जायला बघतो आणि गाडीचं नाक उजवीकडे फिरतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. म्हणून तिसऱ्या चाकाला ब्रेक हवाच. अनेक जुन्या साइडकारना तो नसतो. आम्ही हबसकट ड्रम बसवून घेतला आणि तो डाव्या पॅडलला जोडला. रंगावर झालेल्या खर्चापेक्षा यावर जास्त खर्च झाला आणि तो मला सगळ्यात पटलेला खर्च आहे.

आता वळण. बाइक झुकवून वळते, साइडकार लावलेली गाडी झुकत नाही. हँडल कारसारखं फिरवावं लागतं आणि त्याला जोर लागतो. डावीकडे वळताना साइडकारचं चाक हवेत उचललं जातं. किती वेगाला? मी ढोबळ हिशोब केला. बाइक १७० किलो, चालवणारा ७५, साइडकार ८०, तिचा भार बाइकच्या रेषेपासून पाऊण मीटर बाहेर, सगळ्याचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर. २० मीटर त्रिज्येचं डावं वळण असेल तर रिकाम्या साइडकारचं चाक ताशी २८ किलोमीटरच्या आसपास उचलतं. साठ किलोचा माणूस बसला की ३४. फक्त २८! या वेगाला बाइकवर आपल्याला वळण घेतल्यासारखंही वाटत नाही. आणि हा कागदावरचा हिशोब, रस्त्यात खड्डा किंवा उलटा उतार असेल तर आकडा आणखी खाली.

चाक उचललं की नवखा माणूस घाबरून हँडल उजवीकडे फिरवतो. चाक खाली येतं, पण गाडी डिव्हायडरवर जाते. म्हणून डाव्या वळणाआधीच वेग कमी करा, अंग डावीकडे टाका. आणि एकट्यानं चालवताना साइडकारमध्ये वजन बांधून ठेवा. बांधून, नुसतं ठेवून नाही.

हाच हिशोब सीटच्या वेळी उपयोगी पडला. साइडकारची सीट खूप खाली असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बसणं एकवेळ जमतं, उठणं नाही. काकूंना सीट दहा सेंटिमीटर वर हवी होती. काका म्हणाले, "अरे, गाडी उलटेल." मी आकडे परत घातले. ३४ च्या जागी साडेतेहतीस आलं. अर्ध्या किलोमीटरचा फरक. सीट वर घेतली. समोर पाइपचा आडवा दांडा लावला, त्यावर सायकलची ग्रिप. काकूंना धरायला.

आपले रस्ते

एक गोष्ट यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ सांगणार नाहीत. बाइकवाला खड्डा कसा चुकवतो? एकच रेघ सांभाळतो. कारवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेतो. साइडकारच्या गाडीला दोन रेघा असतात. पुढचं-मागचं चाक एका रेघेत, साइडकारचं दुसऱ्या रेघेत, आणि दोन्हींमधलं अंतर कारपेक्षा कमी. तुम्ही स्वतः खड्डा चुकवता आणि तो बरोबर साइडकारच्या चाकाखाली जातो. म्हणजे बसलेल्याच्या कमरेखाली. कल्याण-शिळ रस्ता पावसाळ्यात कसा होतो, मी सांगायला नको. त्यामुळे डावी रेघ बघायची सवय लावा, आणि साइडकारच्या स्प्रिंग-रबरवर कंजुषी करू नका.

दुसरं, रुंदी. आपली रिक्षा १.३ मीटर रुंद असते. साइडकार लावलेली बुलेट त्याहून रुंद होते. कापूरबावडीला, तीन हात नाक्याला, पत्रीपुलावर दोन गाड्यांमधल्या फटीतून घुसायची सवय असेल तर ती घरी ठेवा. स्वतःला रिक्षावाला समजा, तेही शिस्तीतला. आणि सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न आधी सोडवा. टू-व्हीलरच्या जागेत ती मावत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये 'ही नक्की टू-व्हीलर की फोर-व्हीलर' यावर आमच्याकडे पाऊण तास चर्चा झाली. शेवटी थ्री-व्हीलर असं मिनिट्समध्ये लिहिलं.

दिवे विसरू नका. साइडकार लागली की बाइकचा डावा इंडिकेटर झाकला जातो. साइडकारवर पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि डावा इंडिकेटर हवा. जुन्या गाड्यांची वायरिंग अनेकदा सहा व्होल्टची असते, त्याप्रमाणे बल्ब घ्या. डावं साइड स्टँड काढून टाका. साइडकारच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर जुलैमध्ये टब भरतो.

सराव मोकळ्या मैदानात, परवानगी घेऊन, गोण बांधून. डावी वळणं, उजवी वळणं, जोरात ब्रेक. काकांसारख्या चाळीस वर्षं बुलेट चालवलेल्या माणसानंही पाच रविवार सराव केला. त्यांची अट एकच होती: गोण जागची हलली तर काकूंना बसवायचं नाही. पाचव्या रविवारी गोण हलली नाही.

सहाव्या रविवारी काकू बसल्या. हेल्मेट घालून, दांडा धरून, बिल्डिंग ते गावदेवी मंदिर आणि परत. रंग तेव्हा लागलाच नव्हता, गाडी प्रायमरच्या करड्या रंगात होती. आता बॉटल ग्रीन आहे. रंग काकूंनी ठरवला.

तर मंडळी, तुमच्याकडे जुनी साइडकार असेल, किंवा लावायचा विचार असेल, तर रंगाच्या शेड कार्डाआधी एक काम करा. ज्यांना तिच्यात बसवायचंय त्यांना घेऊन जा, उभ्या गाडीत पंधरा मिनिटं बसवा आणि विचारा, काय काय हवं. जे सांगतील ते लिहून घ्या. मिस्त्रीकडे जाताना तोच कागद सोबत न्या.

प्रश्न असतील तर खाली कमेंटमध्ये लिहा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकायला विसरू नका. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत हेल्मेट घाला आणि डावी रेघ बघत चला!